आंबोलीत चापड्याचे फोटो: किती लांबून, कोणत्या लेन्सने?

मृण्मयी_पुणे
जुलैअखेर आंबोलीला जातेय. मलबारी चापडा हा विषारी साप बघायची फार इच्छा आहे. हिरवा, पिवळट, तपकिरी, नारिंगी, एकाच जातीत इतके रंग! क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, 100 मिमी मॅक्रो आणि 70-300 झूम आहे. लोकांचे फोटो पाहून वाटतं की ते सापाच्या अगदी तोंडाशी बसलेत. नेमकं किती लांब थांबायचं? मॅक्रो नेऊ की झूम? फ्लॅशचा त्याला त्रास होतो का?

घाटमाथा_सावंतवाडी
ताई, आधी अंतर ठरवा, लेन्स मग. 100 मिमी मॅक्रोने 1:1 फोटो (सेन्सरवर खऱ्या आकाराची प्रतिमा) घ्यायचा तर लेन्सचं टोक सापापासून जेमतेम 15 सेंमीवर येतं. बेडकाला चालेल, चापड्याला अजिबात नाही. वेटोळ्यात बसलेला चापडा मान मागे घेऊन असतो आणि तिथून शरीराच्या साधारण अर्ध्या लांबीइतका झेपावू शकतो. त्यात तो फांदीवर, तुमच्या चेहऱ्याच्या उंचीला. मी पाच फुटांच्या आत जात नाही, सोबतच्यांनाही जाऊ देत नाही.

पाच फुटांवरून तुमच्या मॅक्रोत साधारण फूटभर रुंदीची चौकट मिळते. साप, त्याची फांदी, ओली पानं, मागचं धुकं, सगळं येतं. मला तर हाच फोटो सगळ्यात आवडतो, कारण त्यात तो कुठे राहतो ते दिसतं. नुसतं डोकं हवं असेल तर झूम 300 वर न्या. बऱ्याच 70-300 लेन्स पाच फुटांवर फोकस होतात, तुमची होते का ते घरीच बघून ठेवा.

व्ह्यूफाइंडरला डोळा लावून पाऊल पुढे टाकू नका, अंतराचा अंदाज पार चुकतो. मी ट्रायपॉड लावतो आणि त्याच्या पुढे जायचं नाही असं ठरवून टाकतो. आणि चापडा झुडपात असतो म्हणून सगळे वरच बघत चालतात. खाली पायाशी घोणस किंवा मण्यार असू शकते. गमबूट हवेतच.

ओलीपानं
फ्लॅशबद्दल. सापाला पापण्या नसतात, डोळे मिटता येत नाहीत, आणि चापड्याची उभी बाहुली अंधारात पूर्ण उघडलेली असते. टॉर्च डोळ्यांवर धरून ठेवू नका, बाजूच्या पानावर टाकून फोकस करा. फ्लॅश मोजकेच मारा.

अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो, त्यामुळे मॅक्रोवाल्यांचा छोटा डिफ्यूझर (फ्लॅशचा प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा) पाच फुटांवर कुचकामी ठरतो. मोठा घ्या, आयएसओ 400 ते 800, एफ 8 पासून सुरू करा. हातात फ्लॅश धरून हात पुढे करायचा मोह मात्र नको. डोळा आणि नाकपुडीच्या मधल्या खड्ड्यांनी त्याला उष्णता जाणवते, काळोखातही तुमचा हात त्याला कळतो.

घाटमाथा_सावंतवाडी
अगदी बरोबर. हे लिहायचं माझं राहिलंच होतं.

डॉ_कोकण
आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनते. चापड्याच्या विषावर तिचा भरवसा धरता येत नाही. जीव जाणं दुर्मीळ, पण सूज आणि वेदना भयंकर असतात, रक्त गोठण्यावरही परिणाम होऊ शकतो. दंश झालाच तर अंगठी, घड्याळ काढा, हात-पाय हलू देऊ नका, आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, 108 ला फोन करा. सावंतवाडीचं उपजिल्हा रुग्णालय सुमारे 30 किमीवर आहे, आणि मध्ये धुक्यातला घाट. रात्री गाडी आणि चालवणारा तयार हवा. एकट्या जाऊ नका.

मृण्मयी_पुणे
सगळ्यांचे खूप आभार! आणखी एक. चापडा आडोशाला असेल तर काठीने मोकळ्या फांदीवर आणून देतो, असं एक जण म्हणालाय. चालेल का?

घाटमाथा_सावंतवाडी
नको, ताई. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली सापांना संरक्षण आहे, असं छेडणं गुन्हा ठरू शकतं. शिवाय चापडा भक्ष्याची वाट बघत एकाच जागी कित्येक दिवस बसून राहतो. ती जागा त्याने निवडलेली असते, आपण उचलला की त्याची शिकार मोडते. आणि चिडलेला साप मोकळ्या फांदीवर म्हणजे तुम्हालाच धोका. आडोशाला असेल तर तसाच फोटो घ्या, पुढची पानं धूसर येऊ देत. त्या माणसाला आधीच फोनवर सांगा की सापाला हात किंवा काठी लावायची नाही. ऐकत नसेल तर दुसरा गाईड बघा, आंबोलीत जाणती मुलं आहेत.