प्रबंधाच्या तळटिपांत 'तत्रैव' आणि 'उनि' आता बंद करावेत का?

तळटीप
माझं मत स्पष्ट आहे, बंद करावेत. 'तत्रैव' म्हणजे लगेच वरच्या टिपेतलाच ग्रंथ, 'उनि' (उपरिनिर्दिष्ट) म्हणजे त्या लेखकाचा आधी कुठेतरी दिलेला ग्रंथ. समजा रा. चिं. ढेऱ्यांचा संदर्भ आहे, टीप 14 'ढेरे, श्रीविठ्ठल : एक महासमन्वय, पृ. 112' आणि टीप 15 'तत्रैव, पृ. 118'. मार्गदर्शकांच्या सूचनेवरून या दोहोंमध्ये ढेऱ्यांच्याच 'लज्जागौरी' या ग्रंथाचा एक संदर्भ घातला. वर्ड टिपांचे क्रमांक पुढे सरकवतं, आतला मजकूर आहे तसाच राहतो. म्हणजे पृ. 118 आता 'लज्जागौरी'चं झालं! टीप वरून निर्दोष दिसते, त्यामुळे मुद्रितं तपासतानाही हे हाती लागत नाही. 'ढेरे, उनि, पृ. 40' तर त्याहून घातक. दोन्ही ग्रंथ ढेऱ्यांचेच, मग वाचकाने कोणता उघडायचा? संदर्भलेखनाच्या शिकागो शैलीच्या 17व्या आवृत्तीनेही (2017) 'इबिड'ऐवजी (म्हणजे आपल्या 'तत्रैव'ऐवजी) आडनाव, लघुशीर्षक, पान हीच पद्धत पसंत केली आहे.

मुद्रितशोधक
'उनि'बद्दल सहमत, 'तत्रैव'बद्दल अजिबात नाही. दोष कामाच्या क्रमाचा आहे. खर्ड्यात प्रत्येक टीप लघुशीर्षकासह लिहायची आणि 'तत्रैव' अगदी शेवटच्या हाताला घालायचं. तेही लगतच्या आधीच्या टिपेत एकच ग्रंथ असेल तर. तिथे दोन ग्रंथ असले, तर नाही. नवीन प्रकरणाची पहिली टीप पुन्हा पूर्ण द्यायची. एकाच ग्रंथाची चिकित्सा चालली असताना पानाच्या तळाशी तेच नाव आठ वेळा कशाला?

तळटीप
शेवटचा हात फिरतो कधी? बहिःस्थ परीक्षकांच्या दुरुस्त्या येतात, पुस्तक करताना प्रकरणं मागेपुढे होतात. 'ढेरे, श्रीविठ्ठल, 118' एवढ्याने अशी किती जागा जाते?

गाथापाठ
तुम्ही दोघंही पानांवर अडलात. संतसाहित्यात मोठा घोळ आवृत्त्यांचा आहे. नुसतं 'तुकाराम गाथा, अभंग अमुक' लिहून भागत नाही, कारण 1950च्या शासकीय गाथेतले क्रमांक इतर गाथांशी जुळत नाहीत. संपादक किंवा प्रकाशक, वर्ष, अभंगक्रमांक आणि अभंगाचा पहिला चरण, चारही द्या. चरण दिला की हाती दुसरी गाथा असली तरी अभंग सापडतो. ज्ञानेश्वरीला अध्याय आणि ओवी, पण प्रत कोणती ते सांगूनच. राजवाडे प्रतीतले (1909) ओवीक्रमांक साखरे प्रतीत तसेच मिळतील हे गृहीत धरू नका.

मुद्रितशोधक
मान्य. पण हे तळटिपेत कोंबू नये. सुरुवातीच्या संक्षेपसूचीत 'शा. गा.' म्हणजे कोणती गाथा ते एकदाच सांगावं आणि पुढे मजकुरातच कंसात (शा. गा. आणि क्रमांक) द्यावं. 'तत्रैव'चा प्रश्नच उरत नाही.

तळटीप
मग हीच सोय ढेऱ्यांनाही द्या ना! ज्यांना 'तत्रैव' सोडवत नाही त्यांनी सादर करण्याआधी शोधखिडकीत तो शब्द टाकावा आणि प्रत्येक ठिकाणी वरची टीप वाचून मूळ ग्रंथाचं ते पान उघडून पाहावं. एवढा वेळ आहे का प्रबंधाच्या शेवटच्या आठवड्यात?

मुद्रितशोधक
काढायलाच हवा. लघुशीर्षक वापरलं म्हणून पान ताडून पाहणं थोडंच टळतं?