मदत हवी आहे: वहीतली ‘चिंटू’ची कात्रणं कशी वाचवू?

आईने पुण्यात असताना ‘सकाळ’मधून कापलेली ‘चिंटू’ची दीडेकशे कात्रणं आहेत, १९९१ मध्ये ही चित्रमालिका सुरू झाली तेव्हापासूनची. डिंकाने वहीत चिकटवलेली, कोपऱ्यात निळ्या शाईने तारीख. आता इथल्या नागपूरच्या उन्हाळ्यात कडा पापडासारख्या मोडताहेत. चिंटू आणि त्याचे आई-पप्पा माझ्या आठ वर्षांच्या लेकीला रोज झोपताना हवेच असतात, म्हणून वही नुसती कपाटात ठेवायची नाहीये.

एकाला वाफ देऊन पाहिली, तारखेची शाई फुटली. मोबाइलच्या फोटोत शिवणीजवळची अक्षरं वाकडी येतात. लॅमिनेशन नको, ते परत निघत नाही. छापील पुस्तकं माहीत आहेत, पण आईची हीच जपायचीत.

शिवण उसवून पानं सुटी करून स्कॅन केली तर चालेल का? आणि सीताबर्डी-धरमपेठेकडे जुना कागद जपून हाताळणारा बाइंडर कुणाला माहीत आहे का?