'खुलासे', 'सूट' आणि 'परिहार': सुटकेच्या बातमीतले शब्द

प्रश्न (खानापूर): कन्नड वर्तमानपत्रात एखादा आरोपी 'खुलासे' झाल्याची बातमी आली, की आमच्याकडची मराठी माणसे त्याने काहीतरी खुलासा केला असे समजतात. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या कारागृहातून कैदी सोडले, की कुणी 'जामीन झाला' म्हणतो, कुणी 'माफी मिळाली', तर कुणी थेट 'निर्दोष सुटला'. यांपैकी कोणता शब्द कुठे वापरावा?

उत्तर (बेळगाव): आरोप सिद्ध न झाल्यामुळे न्यायालयाने आरोपीला मोकळे केले, तर कन्नडमध्ये तो 'खुलासे' झाला असे लिहितात, त्याला मराठीत 'निर्दोष मुक्तता' म्हणावे. जामिनाचा घोळ तसा कमी आहे, कारण हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे आणि जामिनावरचा माणूस खटल्यातून सुटलेला नसतो, हे बहुतेकांना ठाऊक असते.

खरी काळजी घ्यायला हवी ती 'माफी' या शब्दाबाबत. चांगल्या वर्तणुकीवरून, म्हणजे कन्नडमधल्या 'सन्नडते'वरून, कैद्याची मुदतपूर्व सुटका होते, तेव्हा सरकार त्याच्या शिक्षेचा उरलेला काळ कमी करते. गुन्हा मात्र सिद्ध झालेला असतो आणि तसाच राहतो. म्हणून 'शिक्षेत सूट' हाच नेमका शब्द आहे. कारागृहात शिक्षेतून कमी होणाऱ्या दिवसांनाही 'माफी' म्हणण्याची जुनी रीत आहे हे खरे, पण ज्या घरातला माणूस मारला गेला, त्या घरी 'त्याला माफी झाली' हे शब्द गेले, की ती माफी आम्हाला न विचारता कुणी दिली, असा प्रश्न उभा राहतो, आणि तो रास्त आहे. राज्यपालांचा संविधानाच्या १६१ व्या अनुच्छेदाखालचा क्षमेचा अधिकार वेगळा. 'क्षमा' हा शब्द त्यासाठी राखून ठेवावा.

'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे' हा समजही इथे पक्का बसलेला आहे. जन्मठेप आयुष्य असेपर्यंतची असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच स्पष्ट केले आहे. चौदा वर्षे ही काही गंभीर गुन्ह्यांत सूट देण्यापूर्वी भोगावीच लागणारी किमान मुदत आहे. कन्नडमधला 'जीवावधी शिक्षे' हा शब्द या बाबतीत आपल्या शब्दापेक्षा सरळ बोलतो. पॅरोलबद्दल एवढेच सांगतो, की ती ठरावीक दिवसांची रजा असते आणि तिला सुटका म्हणू नये.

उत्तर (निपाणी): वरील विवेचनाला सीमाभागापुरती एक पुरवणी जोडतो. आमच्याकडचे लोक कामधंद्यासाठी रोज कोल्हापूरला जातात, त्यामुळे एकाच गावातल्या दोघांपैकी एक कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात आणि दुसरा हिंडलग्याला, असे होऊ शकते. सूट कोणत्या सरकारने द्यायची, हे गुन्हा कुठे घडला किंवा कैदी कोणत्या गावचा यावर अवलंबून नसते; ज्या राज्यातल्या न्यायालयाने शिक्षा दिली, त्या राज्याचे सरकार ते ठरवते. गुजरात सरकारने २०२२ मध्ये ११ सिद्धदोष कैद्यांना दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी रद्द केली ती मुख्यतः याच कारणावरून, कारण खटला मुंबईत चालला होता आणि त्यामुळे अधिकार महाराष्ट्राचा होता. त्या प्रकरणात पीडित महिला स्वतः न्यायालयात गेली होती, हेही लक्षात ठेवावे. म्हणून बातमीत नुसते 'सरकारने सोडले' न लिहिता कोणत्या सरकारने, हे लिहावे. आक्षेप घेणाऱ्या कुटुंबाला कागद बेंगळुरूकडे पाठवायचा की मुंबईकडे, हे त्यावरून कळते.

दुसरा शब्द 'परिहार'. मराठीत शंकेचा परिहार होतो, जेवणावळीनंतर श्रमपरिहार होतो. कन्नडमध्ये मात्र 'परिहार' म्हणजे भरपाई. कागदावर 'परिहार' वाचून, हा तक्रार मिटवल्याचा कागद असावा अशा समजुतीने सही करायला कचरणारी वडीलधारी माणसे मी पाहिली आहेत. मराठीत सांगताना 'नुकसानभरपाई' असेच सांगावे.

उत्तर (बेळगाव): भरपाईचा विषय निघालाच आहे, तर 'पीडित' या शब्दाकडेही पाहायला हवे. आपल्या वर्तमानपत्रांनी 'पीडिता' हा शब्द लैंगिक अत्याचारापुरता केला, त्यामुळे खून झालेल्या मुलाची आई स्वतःला पीडित समजतच नाही. कायद्याच्या व्याख्येत पालक आणि कायदेशीर वारस दोघेही येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ नुसार आरोपी सापडलाच नाही, तरी पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करता येतो. आणि निर्दोष मुक्तता झाली, तरी पीडिताच्या पुनर्वसनाची गरज दिसल्यास न्यायालय तशी शिफारस करू शकते. 'आरोपी खुलासे झाला, आता आपले काय राहिले' असे म्हणून घरी बसणाऱ्या कुटुंबांना हे कुणीतरी मराठीत सांगितले पाहिजे.

प्रश्न (खानापूर): मग आमच्या वाचनालयाच्या फलकावर असे लिहिले तर चालेल का: 'जन्मठेपेच्या कैद्याची चांगल्या वर्तणुकीबद्दल शिक्षा माफ, हिंडलग्यातून सुटका'?

उत्तर (बेळगाव): 'शिक्षा माफ' तेवढे काढावे. 'जन्मठेपेच्या कैद्याला चांगल्या वर्तणुकीबद्दल कर्नाटक सरकारकडून उर्वरित शिक्षेत सूट; हिंडलगा कारागृहातून मुदतपूर्व सुटका' असे लिहावे, आणि जागा उरली तर भरपाईचा अर्ज कुठे करायचा तेही खाली लिहावे.