मदत हवी आहे : मळ्यातल्या छोट्या स्विमिंग पूलची पाइपलाइन

नमस्कार मंडळी. होटगी रोडला मळ्यात पोरांसाठी पूल बांधतोय. ६ मीटर बाय ३ मीटर, खोली १.२, म्हणजे साधारण २१,६०० लिटर. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. जेसीबीने खड्डा झालाय, स्लॅब टाकायच्या आधी पाइप ठरवायचेत. एकदा काँक्रीट पडलं की फोडाफोडी नको.

सहा तासांत सगळं पाणी एकदा फिल्टरमधून फिरवायचं, तर तासाला ३,६०० लिटर लागतात. त्यासाठी १६ इंची सँड फिल्टर आणि अर्धा एचपीचा पंप धरलाय. ओढायची लाइन २ इंची, परतीची दीड इंची. तळाला दोन ड्रेन, एकमेकांपासून लांब. एकच ठेवला आणि त्यावर पोरगं बसलं तर पंप त्याला खेचून धरतो, म्हणून यात काटकसर नाही. प्लंबर मात्र म्हणतो, "एकच बास की, मालक!"

आता अडलंय ते असं. पंप पाण्याच्या पातळीखाली खड्ड्यात बसवला तर हवा धरत नाही, पण पावसात खड्डा भरला तर मोटर गेलीच. वर बसवला तर प्रायमिंगची, म्हणजे पंपात पाणी भरून हवा काढायची कटकट. तुम्ही काय केलंत? स्किमर (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणारं तोंड) आणि ड्रेनला वेगवेगळे व्हॉल्व्ह घेतलेत का?

शिवाय बोअरचं पाणी जड आहे, बादल्यांवर पांढरे थर बसतात. सॉल्ट क्लोरिनेटरच्या (पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या यंत्राच्या) प्लेटा टिकतील का, की साधं क्लोरीनच बरं? बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलटा धुतल्यावर निघणारं पाणी लिंबाच्या झाडांना सोडलेलं कुणी आहे का? उन्हाळ्यात ते वाया घालवायला जीव होत नाही.