आजोळच्या सातबाऱ्यावर आईचं नाव आणि धाकटे मामा

खाडीकाठ:
आईचं माहेर राजापूर तालुक्यात. चार भावंडं: थोरले मामा, मग आई, मग दोन धाकटे मामा. आजोबा 1988 साली गेले, आजीही नाही, मृत्युपत्र नाही. सातबाऱ्यावर तेव्हा थोरल्या मामांचं एकट्याचं नाव लागलं, पुढे ‘ए.कु.मॅ.’ असं लिहिलेलं. तेही गेले आणि त्यांच्या जागी मामी नि दोन मुलं अशी तीन नावं लागली. एकरभर भातजमीन, थोडं वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) आणि साठ हापूसची कलमं आहेत. राबतात दोघे धाकटे मामाच. सर्वांत धाकटा माझ्याहून आठच वर्षांनी मोठा, त्याला मी अरेतुरे करतो.

आईचं नाव लावायचंय. नातेवाईक म्हणतात, हक्कसोड देऊन मोकळी हो. मामांना दुखवायचं नाही. सुरुवात कुठून करू?

जुना फेरफार:
तुम्ही लिहिलंय त्यावरून सातबाऱ्यावर धाकट्या मामांचीही नावं नाहीत. बोलण्याची सुरुवात तिथूनच करा. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या मामांचं नाव सगळ्यांच्या वतीने लागलं होतं. ते गेल्यावर नोंद करताना ती तीन अक्षरं कोणी लक्षात घेतली नाहीत आणि फक्त त्यांचेच वारस चढले. कोकणात ही चूक गावोगाव सापडते. राबणाऱ्या मामांना आज पीककर्ज काढायचं म्हटलं तरी मामींची सही लागेल. म्हणजे आई आणि धाकटे मामा एकाच बाजूला आहेत.

आधी दोन्ही फेरफारांच्या (नावबदलाच्या नोंदींच्या) नकला काढा, 1988 नंतरचा आणि थोरल्या मामांनंतरचा. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात, जुने कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. पहिल्या फेरफारात आजोबांच्या वारसांची यादी लिहिलेली असेल तर अर्धं काम झालं. मग आजोबा, आजी आणि थोरले मामा यांचे मृत्यू दाखले, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या गटांचा (जमिनीच्या तुकड्यांचा) 8अ हा खातेउतारा जोडून तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज करा. अर्जावर आई आणि दोघे मामा, तिघांच्या सह्या हव्यात. मामी आणि त्यांच्या मुलांचा लेखी जबाब बरोबर दिलात तर वादाला जागाच उरत नाही.

कलम 155 लेखनप्रमादापुरतं, म्हणजे लिहिण्यातल्या चुकीपुरतं आहे. ‘हा लेखनप्रमाद नव्हे’ असा शेरा पडला तर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) थोरल्या मामांनंतरच्या फेरफाराविरुद्ध कलम 247 खाली अपील करावं लागतं. त्याची मुदत 60 दिवसांची, ती कधीच उलटून गेलीय, म्हणून विलंबमाफीचा अर्ज सोबत हवाच. तो न जोडल्यामुळे चांगली प्रकरणं पहिल्याच तारखेला पडतात.

हिश्शाचं गणित सोपं आहे. जमीन वडिलोपार्जित धरली तर हिंदू वारसा कायद्यातल्या 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच वाटेकरी. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. जमीन आजोबांची स्वकष्टार्जित धरली तरी मुलगे-मुली सारख्याच वाट्याच्या वारस. दोन्ही वाटांनी आईचा हिस्सा चौथा. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत वाटप झालेलं असेल तर गोष्ट वेगळी, तेवढं तपासा. आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क बुडत नाही. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे.

वरची आळी:
एक गोष्ट आधी. आई हयात असताना तिच्या वाट्यात तुम्हाला काही हक्क नाही. तो तिचा पूर्ण मालकीचा. त्यामुळे ‘आमचा हिस्सा’ हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. बहिणीने भावाकडे मागितलेलं आणि भाच्याने मामाकडे मागितलेलं, यात फार अंतर आहे. बहिणीचं मागणं मामा मनाला लावून घेत नाही, भाच्याचं कायम लक्षात ठेवतो.

ज्याला अरेतुरे करता त्याच्याशी पहिल्यांदा एकट्याने बोलू नका. तो तुमच्या जवळचा म्हणून आधी त्याला सांगितलंत तर मधल्या मामांना वाटणार, आपल्या पाठीमागे ठरलं. आईला घेऊन जा, दोघांना एकत्र बसवा, नकला समोर ठेवा. आणि गणपतीत नको. चाकरमानी सगळे घरी असतात म्हणून लोक तोच मुहूर्त धरतात, पण दहा माणसांच्या देखत मामाला हो-नाही काहीच म्हणता येत नाही. भातकापणी उरकल्यावर, मोहोर सुरू होण्याआधी जा.

कलमवाला:
हक्कसोडीबद्दल. ती सहहिस्सेदाराच्याच नावे होते आणि नोंदणीकृतच लागते. नोटरीच्या कागदावर फेरफार होत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत भावाच्या नावे असेल तर मुद्रांक आता 500 रुपयांचा. सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला हजर करायची. आईला प्रवास जमत नसेल तर नोंदणीकृत मुखत्यारपत्र करा.

फसगत दोन ठिकाणी होते. ‘माझा हक्क सोडत आहे’ एवढंच लिहिलं आणि कोणाच्या लाभात ते लिहिलं नाही, तर वाटा सगळ्या सहहिस्सेदारांत जातो, थोरल्या मामांच्या वारसांतही. दोघा धाकट्यांना द्यायचं असेल तर दोघांची नावं आणि प्रमाण लिहा. दुसरं, सगळ्याच गटांतला हक्क सोडला की आईचं सातबाऱ्यावरून नाव गेलं आणि शेतकरी असल्याचा दाखलाही गेला. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहजी विकत घेता येत नाही. म्हणून एखाद्या छोट्या गटात, वरकसात का होईना, नाव राहू द्यावं. मामांना हे आधीच सांगा, नंतर कळलं तर लबाडी वाटते.

माझं मत विचाराल तर आत्ता हक्कसोड नकोच. नाव लावा, कसवणूक मामांकडे ठेवा आणि कलमांचा हिशोब ठरवा. साठ कलमं दहा बाय दहा मीटरवर म्हणजे जवळपास दीड एकर. पावसाआधीचं खत, जुलै-ऑगस्टातलं कल्टार (मोहोर येण्यासाठी घालायचं औषध), मोहोराच्या पाच-सहा फवारण्या, माकडांवरची राखण, काढणी, पेट्या, गाडीभाडं, दलाली हे सगळं आधी वजा करायचं. त्यात मामांच्या स्वतःच्या कामाची मजुरीही धरायची. बहुतेक घरांत नेमकी तीच विसरली जाते आणि मामा तुटतो तो तिथे. मग उरलेल्याचा चौथा. हापूस वर्षाआड धरतो, म्हणून हिशोब दोन वर्षांचा एकत्र करा. एका भरल्या वर्षावर आकडा ठरवलात तर पुढच्या वर्षी भांडण ठरलेलं.

कलमं कोणी लावली तेही विचारा. मामांनी लावून, उत्पन्न नसताना पाच-सहा वर्षं पाणी घालून जगवली असतील, तर पुढे वाटप होईल तेव्हा तो गट त्यांच्या वाट्याला यावा, आईने भातजमीन घ्यावी.

खाडीकाठ:
कलमं दोघा मामांनीच लावलेली आहेत, 1995 च्या सुमारास. मग तो गट आईने मागायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाकू का?

वरची आळी:
सांगा, पण आईच्या तोंडून. आणि ते झाल्यावरच अर्जाचा कागद सहीला पुढे करा.