अनुभव धागा: सीनियर इयर आणि त्यापुढचं

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या गप्पांचा सूर बदलतो. १ ऑगस्टला कॉमन ॲप (एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवायची वेबसाइट) नव्या वर्षासाठी उघडतं आणि बारावीतल्या, म्हणजे सीनियर झालेल्या मुलांच्या घरात बोर्डाच्या परीक्षेचं वातावरण येतं. कोण कुठे 'लागलं' याच्या याद्या चिकार मिळतात, त्या इथे नकोत. पुढची आखणी करताना मुलांना तुम्ही नेमकी काय मदत केलीत, कोणतं बोलणं वेळेत झालं म्हणून निभावलं, कुठला कागद ऐनवेळी शोधावा लागला, ते लिहा. कॉलेजच हवं असंही नाही. पालक, मावशी, काका, शिक्षक, स्वतः यातून गेलेली मुलं, सगळ्यांनी लिहा.

एक आई, न्यू जर्सी (धागा मीच काढलाय, तर सुरुवात माझी)

आमच्याकडे कॉलेजांची यादी करायच्या आधी पैशांचं बोलणं झालं. लेकीला आकडाच सांगितला. वर्षाला आम्ही एवढे देऊ, ५२९ खात्यात (कॉलेजसाठीच्या बचत खात्यात) एवढे साठलेत, त्यावरचं कर्ज तुझ्या नावावर येईल. नवऱ्याला हे पटत नव्हतं, मुलांसमोर पैशांचं कशाला म्हणून. पण आकडा कळल्यावर पोरगी एकदम कामाला लागली. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता कॉलेज आपल्याला किती पडेल याचा अंदाज देणारं साधन, असतो, सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना तो ठेवावाच लागतो. आमचा टॅक्स रिटर्न शेजारी घेऊन ती एकेक कॉलेज तपासत बसली. स्वतःचा धंदा असेल किंवा आईवडील विभक्त असतील तर तो अंदाज बराच चुकू शकतो, हे ध्यानात ठेवा.

खरी गंमत वसंतात, मदतीची पत्रं आल्यावर. एका कॉलेजने वर ठळक अक्षरांत भलीमोठी रक्कम लिहिली होती. लेकीने हायलायटर घेऊन एकेक ओळ वाचली. ग्रँट, म्हणजे परत फेडावे न लागणारे पैसे. त्याखाली ३,५०० डॉलरचं सबसिडाइज्ड लोन (शिकत असताना व्याज सरकार भरतं), २,००० चं अनसबसिडाइज्ड लोन (व्याज पहिल्यापासून आपलंच). पहिल्या वर्षाच्या मुलाला आपल्या नावावर मिळणारं सरकारी कर्ज एवढंच असतं, ५,५००. म्हणजे तिचंच कर्ज तिला 'मदत' म्हणून दाखवलेलं! शेवटी वर्क-स्टडी, म्हणजे कॅम्पसवर काम मिळालं आणि केलं तरच हातात येणारे पैसे. तिने कर्ज आणि वर्क-स्टडी खोडून टाकलं, जे उरलं ते एकूण खर्चातून वजा केलं, आणि सगळ्या कॉलेजांचे तेवढेच आकडे एका कागदावर मांडले. यादीतला क्रम पार बदलला. १ मेपर्यंत बहुतेक ठिकाणी होकार कळवायचा असतो, त्याच्या बऱ्याच आधी तिचं ठरलं होतं.

एच-४ वाल्या मुलाची आई, राज्य सांगत नाही

वर लिहिलेलं सगळं ठीक, पण आमच्यासारख्यांसाठी फाफ्साचं, म्हणजे सरकारी मदतीच्या अर्जाचं, दारच बंद. सरकारी मदत नागरिकांना, ग्रीन कार्डवाल्यांना आणि आणखी काही मोजक्या गटांना. एच-४, म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा, त्यात नाही. म्हणजे पेल ग्रँट नाही, सरकारी कर्ज नाही, वर्क-स्टडी नाही. मुलगा इथे बालवाडीपासून शिकला, त्याला हे सांगायचं कसं? आम्ही दहावीतच सांगितलं. २१ वर्षांचा झाला की एच-४ संपतं, आमची ग्रीन कार्डची रांग तोवर हलायची नाही, आणि मग त्याला बहुधा एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जावं लागेल. त्याचे मित्र उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम करत होते, ह्याला पगारी काम चालत नाही. तेव्हा रागावला. मग लायब्ररीत विनामोबदला शिकवायला जायला लागला.

ज्यांची मुलं आत्ता दहावी-अकरावीत आहेत त्यांनी प्रत्येक कॉलेजला दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. ॲडमिशन ऑफिसला: माझ्या मुलाचा अर्ज डोमेस्टिक धरणार की इंटरनॅशनल? आणि फीचं ठरवणाऱ्या रेसिडेन्सी ऑफिसला: एच-४ वर इन-स्टेट फी (राज्यातल्या रहिवाशांची कमी फी) मिळते का, आणि पुढे एफ-१ झाल्यावर ती टिकते का? दोन्हीकडची उत्तरं जुळतीलच असं नाही, आणि राज्याराज्यांत नियम निराळे. उत्तर ईमेलनेच घ्या. आम्हाला एका ठिकाणी फोनवर एक आणि लेखी दुसरंच सांगितलं होतं.

सोशल सिक्युरिटी नंबर नाही म्हणून घाबरू नका, कॉमन ॲपला त्याच्याशिवाय चालतं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा

मराठी टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

अर्जातल्या एसेबद्दल, म्हणजे निबंधाबद्दल, लिहितो. ६५० शब्दांची मर्यादा असते. आत्या म्हणाली आजीबद्दल लिही. बाबा म्हणाले रोबोटिक्सबद्दल लिही. मी शाळेच्या नाटकांना लाइट्स करायचो, त्याबद्दल लिहिलं. बाबांनी त्यात 'मल्टिफॅसेटेड' हा शब्द घातला. मी काढला. त्यांनी परत घातला. गूगल डॉकमध्ये हिस्टरी अजून आहे, कोणाला बघायची असेल तर.

आईने एवढंच केलं: मी मोठ्याने वाचायचो आणि ती विचारायची, "मग काय झालं?" जिथे माझ्याकडे उत्तर नव्हतं तिथे तो परिच्छेद खोटा होता. दोन परिच्छेद असेच गेले.

ॲक्टिव्हिटीजच्या दहा जागा असतात आणि वर्णनाला फक्त १५० कॅरेक्टर्स. दहाही भरल्याच पाहिजेत असं नाही! हे देसी पालकांना कोणीतरी सांगा. शिफारसपत्रांसाठी मी अकरावी संपायच्या आत शिक्षकांना विचारलं होतं. सप्टेंबरमध्ये त्यांच्याकडे रांग लागते.

अर्ली डिसिजन मी केलं नाही. त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर (सल्लागार) तिघांच्या सह्या असतात, ॲडमिशन मिळाली की तिथेच जायचं, आणि मग वर त्या काकूंनी लिहिलंय तशी पत्रांची तुलना करता येत नाही.

शाळेत फाफ्सा भरायला मदत करणारी स्वयंसेविका

आमच्या गावातल्या सरकारी हायस्कूलमध्ये दर शरद ऋतूत मी जाऊन बसते. येणारी बरीचशी मुलं घरातली कॉलेजला जाणारी पहिलीच. काउन्सेलरमागे अडीचशेपेक्षा जास्त मुलं नसावीत असं त्यांची राष्ट्रीय संघटनाच सांगते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी आकडा त्याच्या बराच वर असतो. आपल्यातले काही जण खाजगी सल्लागारांवर जो पैसा ओततात तो पाहून मला कधीकधी हसू येतं, कधी राग.

कॉलेज कुठलं, एसे कसा, ह्यावर ही मुलं अडत नाहीत. आईचं खातं नाही म्हणून अडतात. फाफ्सामध्ये मुलाचं आणि पालकाचं खातं वेगवेगळं लागतं, आणि टॅक्सची माहिती आयआरएस या सरकारी टॅक्स खात्याकडून थेट घ्यायला दोघांनी संमती द्यावी लागते. रिटर्न भरलेलाच नसला तरी संमती हवीच, नाहीतर सरकारी मदत मिळत नाही. पालकाला सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी खातं काढता येतं, हे कितीतरी घरांना माहीतच नसतं. आईवडील विभक्त असतील तर मागच्या बारा महिन्यांत ज्यांनी मुलाचा जास्त खर्च केला त्यांची माहिती द्यायची, मूल कोणाकडे राहतं हा निकष आता नाही.

पण माझं सगळ्यात महत्त्वाचं काम जून-जुलैमध्ये असतं, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. ॲडमिशन झालेली, डिपॉझिट भरलेली मुलं ऑगस्टमध्ये कॉलेजला पोचतच नाहीत. ह्याला इकडे 'समर मेल्ट' म्हणतात. शाळा सुटलेली, काउन्सेलर सुट्टीवर, आणि कॉलेजचे ईमेल अशा पत्त्यावर येतायत जो मुलाने एकदाही उघडलेला नाही. लसींचे दाखले, प्लेसमेंट टेस्ट, ओरिएंटेशनची नोंदणी, पडताळणीसाठी मागितलेला एखादा कागद. आरोग्य विम्याचं तर विचारूच नका: घरचा विमा आहे असा वेव्हर भरला नाही तर बऱ्याच कॉलेजांच्या बिलात त्यांचा विमा आपोआप लागतो. मागे एका मुलाला ते बिल पाहून वाटलं, आपल्याला हे जमणार नाही. तो गप्प बसला. वेव्हर भरायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आता मी जूनमध्ये प्रत्येकाला समोर बसवून पोर्टल उघडायला लावते आणि 'टू डू' यादी मोठ्याने वाचायला सांगते. माऊसला मी हात लावत नाही.

आयईपी असलेल्या मुलाची आई

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. शाळेत त्याला पहिलीपासून आयईपी होता, म्हणजे विशेष शिक्षणाच्या कायद्याखाली त्याच्यापुरती केलेली लेखी शिक्षण-आखणी. कायद्याने सोळाव्या वर्षापर्यंत त्यात 'ट्रान्झिशन'चा भाग यावाच लागतो, म्हणजे शाळेनंतर काय, त्याची लेखी आखणी. आमच्या मीटिंगमध्ये तो भाग म्हणजे "कॉलेजला जाईल" हे एक वाक्य होतं. मी म्हटलं, हे ध्येय झालं, आखणी कुठाय?

एक गोष्ट नीट समजून घ्या. आयईपी शाळेबरोबर संपतो. डिप्लोमा हातात पडला की तो कायदाच लागू राहत नाही. कॉलेजात वेगळे कायदे चालतात, अपंगांशी भेदभाव रोखणारे एडीए आणि सेक्शन ५०४. तिथे शाळेसारखं कोणी शोधत येत नाही. मुलाने स्वतः डिसॅबिलिटी ऑफिसात जाऊन सांगायचं, कागद द्यायचे, आणि मंजूर झालेल्या सवलतींचं पत्र प्रोफेसरांपर्यंत पोचवायचं. आईने फोन केला तर ते नम्रपणे म्हणतात, विद्यार्थ्याला बोलू द्या. पेपर सोपा करणं, अभ्यासक्रम कमी करणं हे तिथे नसतं. जास्त वेळ, शांत खोली, नोट्स, अशा गोष्टी मिळू शकतात.

म्हणून आम्ही बारावीचं वर्ष फोन करण्यात घालवलं. खरंच. आधी डेंटिस्टची अपॉइंटमेंट, मग लायब्ररी, मग औषधांच्या दुकानात रिफिल. तो कागदावर तीन ओळी लिहायचा: मी कोण, मला काय हवंय, समोरच्याने विचारलं तर काय सांगायचं. सुरुवातीला समोरून "होल्ड करा" आलं की तो फोन ठेवून द्यायचा. मग कागदावर चौथी ओळ आली: "होल्ड म्हणजे थांबायचं, ते परत येतात." वर्षाच्या शेवटी आयईपीची मीटिंग त्याने स्वतः सुरू केली, तीच तीन ओळींची पद्धत वापरून.

कागदांचं. शाळेने निघताना 'समरी ऑफ परफॉर्मन्स' द्यायची असते, मागून घ्या. शिवाय कॉलेजांना बहुतेकदा अलीकडची तपासणी लागते, आणि निव्वळ कॉलेजसाठी ती करून द्यायला शाळा बांधील नाही. अकरावीत पुनर्मूल्यांकनाची पाळी येत असेल तर ते टाळू नका. राज्याचं व्होकेशनल रिहॅबिलिटेशनचं ऑफिस (अपंगांना काम मिळवायला मदत करणारं) शाळा संपायच्या आधीच गाठा.

दुसरीही एक बाजू आहे. सगळ्यांनी अठराव्या वर्षीच डिप्लोमा घ्यावा असं नाही. तो घेतला नाही तर शाळेच्या सेवा पुढे चालू राहतात, बऱ्याच राज्यांत २१ वर्षांपर्यंत. माझ्या मैत्रिणीने मुलीसाठी तेच केलं, आणि ती मुलगी आता बसने एकटी कामावर जायला शिकतेय. आमच्या मुलाला वर्गमित्रांबरोबर स्टेजवर जायचं होतं, तो गेला. घरोघरी वेगळं.

काका, शिकागोजवळ

पुतण्याला कॉलेज नको होतं. त्याच्या घरी जे झालं ते लिहीत नाही, कल्पना असेलच. मी त्याला इलेक्ट्रिशियनच्या युनियनच्या ॲप्रेंटिसशिपचा अर्ज भरायला मदत केली. बीजगणित आणि वाचन अशी परीक्षा असते, मग मुलाखत. आत गेलात की साधारण पाच वर्षं, दिवसा कामावर शिकायचं आणि जोडीला वर्ग, पहिल्या दिवसापासून पगार, आणि तो टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिल्यांदा त्याचा नंबर लागला नाही. वर्षभर त्याने इलेक्ट्रिकल सामानाच्या गोदामात काम केलं, कम्युनिटी कॉलेजात (स्थानिक दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) गणिताचा एक कोर्स केला, परत मुलाखत दिली. आता तिसऱ्या वर्षात आहे.

गाडी चालवता आली पाहिजे. पहाटे पाचला साइटवर बस जात नाही.

दादा अजून लोकांना "इंजिनिअरिंगच्या लाइनमध्ये आहे" असं सांगतो. चुकीचं नाही म्हणा.

एक बाबा, थोडक्यात

अठरावा वाढदिवस झाला की हेल्थकेअर प्रॉक्सी (मुलाच्या वतीने उपचारांचे निर्णय घ्यायचा अधिकार) आणि पॉवर ऑफ ॲटर्नी (व्यवहार पाहायचा अधिकार) करून घ्या. विमा २६ वर्षांपर्यंत आपलाच चालतो, बिल आपल्याला येतं, पण मुलगी इमर्जन्सीमध्ये असताना "ती सज्ञान आहे, माहिती देता येणार नाही" हे मी फोनवर ऐकलंय. मार्कांचंही तसंच, कॉलेजात गेल्यावर ते बघायचा हक्क तिचा. आमच्या लेकीने सह्या करायच्या आधी सगळं वाचून काढलं आणि दोन प्रश्न असे विचारले की वकीलही क्षणभर थांबला.

कम्युनिटी कॉलेजातून ट्रान्स्फर झालेल्या मुलीची आई, कॅलिफोर्निया

इथे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या मुलीने सरळ कम्युनिटी कॉलेज निवडलं. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) सहा कॅम्पसना टॅग म्हणजे ट्रान्स्फर ॲडमिशन गॅरंटी आहे: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली आणि यूसीएलए त्यात नाहीत. एका वेळी एकाच कॅम्पसचं टॅग घेता येतं, आणि काही मेजर्स (मुख्य विषय) वगळलेले असतात, ते आधी बघा. कोणता कोर्स कुठे धरला जातो ते असिस्ट नावाच्या सरकारी साइटवर कॉलेजनिहाय दिलेलं असतं. मुलगी दर सेमिस्टरला नावनोंदणीच्या आधी तो तक्ता घेऊन ट्रान्स्फर काउन्सेलरकडे जायची, आणि काउन्सेलर बदलले तरी तक्ता तिच्याकडे असायचा.

टॅगचा अर्ज सप्टेंबरमध्ये, यूसीचा मुख्य अर्ज त्यानंतर. दोन्ही भरावे लागतात. टॅग भरलं की झालं असं समजणारी मुलं दरवर्षी असतात, तेवढं आपल्या मुलांना आठवणीने सांगा.