दुबईत टॅक्स नाही? ते जुनं झालं
वर कोणीतरी लिहिलंय की दुबईत कंपनी काढली की टॅक्सची कटकटच नाही, ते आता जुनं झालं हो. १ जून २०२३ पासून पुढे सुरू झालेल्या आर्थिक वर्षांना तिथे कॉर्पोरेट टॅक्स आहे, ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के. फ्री झोनवाल्यांना (म्हणजे कंपन्यांना खास सवलती देणाऱ्या ठरवून दिलेल्या भागांतल्या कंपन्यांना) ठराविक उत्पन्नावर शून्य, पण रजिस्ट्रेशन नि रिटर्न त्यांनाही चुकत नाही, रजिस्ट्रेशनला उशीर केला तर १०,००० दिरहम दंड. व्हॅट ५ टक्के, तो वेगळाच. आणि पुण्यात बसूनच सगळे निर्णय घेणार असाल तर आपलं इन्कम टॅक्स खातंपण विचारू शकतं की कंपनी नक्की चालते कुठून, त्यामुळे नुसतं लायसन्स काढून देणारा एजंट नको, दोन्हीकडचं कळणारा सीए बघा, जास्त घेईना का पैसे.